लेथवरचा उजेड : प्रकल्प नोंदी

8 जून

लेथ (लाकूड गोल फिरवून हत्याराने कोरायचं मशीन) कायमच्या जागी बसला, बोल्ट आवळून झाले, आता उजेडाचं काम हातात घेतोय. सध्या छतावर दोन ट्यूब आहेत आणि दोन्ही माझ्या डोक्याच्या जरा मागे, त्यामुळे लेथसमोर उभं राहिलं की माझीच सावली बरोब्बर टूल रेस्टवर (हत्यार टेकवायची पट्टी). मोबाइलवरच्या लक्स (उजेडाचं एकक) ॲपने मोजलं (ही ॲप्स ढोबळच, पण इथे-तिथे तुलना करायला चालतात), मी बाजूला असताना टूल रेस्टपाशी जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यानेही उरत नाही मी कामाच्या जागी उभा राहिल्यावर. म्हणजे ज्या क्षणी उजेड लागतो त्याच क्षणी तो नसतो.

युरोपातलं कामाच्या जागेच्या उजेडाचं मानक आहे, ईएन 12464-1, त्यात लाकूडकामाच्या मशीनसाठी, टर्निंग (लेथवरचं काम) धरून, 500 लक्स सांगितलेत आणि पॉलिश वगैरे बारीक कामाला 750. आणि मशीनच्या ओळीपुढे एक शेरा आहे की स्ट्रोबोस्कोपिक परिणाम (लुकलुकत्या उजेडात फिरती वस्तू थांबलेली दिसते तो) टाळा. हा शेरा आकड्यापेक्षा महत्त्वाचा, त्यावर पुढे लिहितो. शिवाय वयाचा भाग आहेच, साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, म्हणून 500 हा तळ धरायचा, छत नाही.

पण नुसते लक्स वाढवायचे असते तर आणखी दोन ट्यूब ठोकल्या असत्या आणि विषय संपला असता. लेथवर आपण बघतो काय? एक तर जॉबची (फिरणाऱ्या लाकडाच्या तुकड्याची) कड, म्हणजे आकार कसा येतोय ते. दुसरं पृष्ठभाग, म्हणजे हत्याराच्या रेषा, उपटलेले तंतू, काचपेपरचे ओरखडे. तिसरं भोक किंवा पोकळीच्या आतलं. या तिन्हीला एकच दिवा पुरणार नाही असं माझं आत्ताचं मत, बघू.

11 जून

आधी फ्लिकरचा (उजेडाच्या लुकलुकण्याचा) विषय निकालात काढायचा कारण हा सुरक्षिततेचा आहे, बाकी सगळं सोयीचं.

जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड मेन्सच्या दुप्पट वेगाने कमीजास्त होतो, 50 हर्ट्झ असेल तर सेकंदाला 100 वेळा, 60 असेल तिथे 120 वेळा. डोळ्याला तो सलग वाटतो. पण समोर फिरणारी वस्तू असली की गणित जमतं. 1500 आरपीएम म्हणजे सेकंदाला 25 फेऱ्या, म्हणजे एका फेरीत उजेडाचे चार ठोके, म्हणजे दर ठोक्याला चक (लाकूड पकडणारा भाग) बरोबर पाव फेरी पुढे. आणि चकला जॉ (पकडीचे जबडे) किती, तर चार! म्हणजे दर ठोक्याला एका जॉच्या जागी दुसरा जॉ, आणि डोळ्याला दिसतं की चक थांबलेला आहे. 1490 ला तोच चक उलट्या दिशेने मिनिटाला दहा फेऱ्या मारताना दिसेल, अगदी निवांत. 750 ला आठ जॉचा चक थांबलेला दिसेल. 3000 ला पुन्हा चार जॉ स्थिर.

गुळगुळीत गोल वाटी असेल तर तसाही फरक कळत नाही, ती फिरतानाही थांबल्यासारखीच दिसते. धोका चकच्या जॉचा, चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यांचा आणि साल ठेवलेल्या वाटीच्या वरखाली कडेचा. मोटरचा आवाज येतोच म्हणा, पण बाजूला धूळ ओढायचं मशीन चालू असेल आणि कानात मफ असतील तर आवाजाचा भरवसा नाही धरता येत.

जुन्या कारखान्यांत यावर उपाय म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायचे, एकीचा उजेड पडतो तेव्हा दुसरीचा चढतो. इलेक्ट्रॉनिक चोक आले तेव्हा तो प्रश्न बराचसा गेला कारण ते हजारो हर्ट्झवर चालतात. आणि मग एलईडी आले आणि प्रश्न मागच्या दाराने परत आला.

15 जून

घरातले आणि वर्कशॉपमधले होते नव्हते ते सगळे एलईडी गोळा करून तपासले. पद्धत सोपी. मोबाइलचा स्लो मोशन लावायचा, 240 फ्रेमवाला, आणि दिव्याखालच्या पांढऱ्या कागदावर धरायचा. चांगल्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) दिवा असेल तर कागद शांत राहतो, नसेल तर धकधक करताना दिसतो. कॅमेऱ्यात शटर स्पीड हाताने बदलता येत असेल तर एक भागिले 2000 सेकंद वगैरे ठेवून बघा, आडवे काळे पट्टे फिरले की समजायचं. आणि काहीच नसेल तर दिव्यापुढे काळ्या पार्श्वभूमीवर पेन्सिल जोरात हलवा, सलग धूसर पंखा दिसला तर ठीक, वेगवेगळ्या पेन्सिली मोजता आल्या तर तो दिवा लेथवर नको.

निकाल असा की एकाच आकाराचे, एकाच वॉटचे, सारखेच दिसणारे दोन बल्ब, एक अगदी स्थिर आणि दुसरा चोकवाल्या ट्यूबलाही लाजवेल असा. स्वस्तातल्या बल्बांत ड्रायव्हर नावापुरताच असतो, एसी सरळ करून तसाच एलईडीला दिला की झालं, आणि ही गोष्ट खोक्यावर कुठेही लिहिलेली नसते. एक टेबललॅम्प फुल ब्राइटनेसला छान होता पण डिम केला की पट्टे चालू. कारण त्यातला डिमर उजेड कमी करत नाही, चालू-बंद चालू-बंद करून कमी केल्यासारखा दाखवतो. म्हणून तपासताना डिमरच्या सगळ्या पायऱ्यांवर तपासायचं.

ठरलं ते असं की वरचा सर्वसाधारण उजेड 24 व्होल्ट डीसीच्या एलईडी पट्टीने द्यायचा, चांगल्या एसएमपीएसवरून (मेन्सची डीसी करणारा पॉवर सप्लाय), मध्ये डिमर अजिबात नाही. डीसी सरळ असला की फ्लिकरचा प्रश्नच मिटतो. आणि लेथच्या अंगाजवळ 24 व्होल्टच फिरतील, मेन्स लांब राहील, हा वरचा फायदा.

16 जून

छतावरच्या दोन्ही ट्यूब काढून स्थिर एलईडी बसवल्या, जागाही बदलून लेथच्या रेषेच्या थोड्या पुढे घेतल्या. अर्ध्या दिवसाचं काम, लिहिण्यासारखं काही नाही.

21 जून

आज नुसता टॉर्च घेऊन खेळलो आणि या सगळ्या प्रकल्पाची किल्ली इथेच सापडली असं म्हणायला हरकत नाही.

एक वाटी होती, बाहेरून 240 नंबरच्या पेपरपर्यंत घासलेली, वरच्या उजेडात एकदम तयार दिसत होती. खोलीतला उजेड बंद केला आणि टॉर्च वाटीच्या अंगाला जवळजवळ चिकटून, अगदी तिरपा, पृष्ठभागावरून घासून जाईल असा धरला. आणि काय काय दिसायला लागलं! एंड ग्रेनच्या (तंतूंची टोकं वर येतात त्या) दोन जागी, बरोब्बर समोरासमोर, उपटलेल्या तंतूंचे खड्डे, प्रत्येकाच्या मागे बारीक सावली. त्यांच्यामधून गोल गोल जाणारे 120 चे ओरखडे जे 180 ने निघायला हवे होते. आणि गाऊजची (खोलगट पात्याच्या हत्याराची) एक लाट, दीडदोन मिलिमीटर रुंदीच्या चढउतारांची, जी बोटालासुद्धा लागत नव्हती. टॉर्च हळूहळू वर उचलत गेलो तसं एकेक गायब, समोरून पाडला तर पुन्हा एकदम तयार वाटी.

कारण उघड आहे, खड्डा आपल्याला त्याच्या सावलीमुळे दिसतो. उजेड जितका तिरपा तितकी सावली लांब. समोरून आलेला उजेड सावली डोळ्याच्या आड टाकतो आणि चारी बाजूंनी आलेला मऊ उजेड ती पुसूनच टाकतो. म्हणून बऱ्याच जणांनी कौतुकाने सांगितलेलं ते ऑपरेशन थिएटरसारखं लख्ख, सावली नसलेलं वर्कशॉप टर्निंगला उलट वाईट. पृष्ठभाग बघायला सावली पाहिजे. आणि सावली पाहिजे तर दिवा लहान पाहिजे, कडक पाहिजे, हलता पाहिजे.

यातून पुढचा मुद्दा निघतो की वरचा मऊ उजेड आणि बाजूचा कडक उजेड यांचे स्विच वेगळे पाहिजेत. वरचा फार जोरात असेल तर तो बाजूच्या सावल्या भरून काढतो. घासकाम तपासताना वरचा बंद करता आला पाहिजे, आणि तोही लेथपासून न हलता, नाहीतर आपण तपासणार नाही, माणसाचा स्वभाव!

27 जून

बाजूच्या दिव्यांसाठी काय घ्यायचं यावर बराच वेळ गेला.

हॅलोजन आधीच बाद. उजेड अप्रतिम असतो, रंग तर विचारूच नका, पण काच शेकडो अंश तापते आणि खाली ढलप्या आणि भुशाचा ढीग. नको.

शिलाई मशीनला लावतात तो मॅग्नेटवाला, वाकत्या मानेचा छोटा एलईडी सगळ्यात सोपा. हेडस्टॉकवर (लेथचं चक फिरवणारं डोकं) चिकटवला की झालं. जॉबच्या जवळ नेता येतो आणि जवळ नेण्याचा फायदा मोठा असतो, लहान दिव्याचं अंतर 60 सेंटीमीटरवरून 30 केलं की उजेड दुप्पट नाही, चौपट. (लांब ट्यूबला हा हिशोब जवळून लागू होत नाही, तिथे साधारण दुप्पटच होतो.) तोटा एवढाच की मान हलकी असते आणि लेथला धडधड असली, म्हणजे झाडाचा ओबडधोबड तुकडा पहिल्यांदा गोल करताना असतेच, तर ती मान हळूहळू खाली झुकत येते. खाली म्हणजे फिरणाऱ्या जॉबकडे. शिवाय मॅग्नेट धडधडीने सरकतो तो वेगळाच.

दुसरा पर्याय स्प्रिंगच्या हाताचा लॅम्प, जुन्या ड्रॉइंग टेबलांना असायचा तो. जॉर्ज कारवार्डाइन नावाच्या इंग्लिश इंजिनिअरचं डिझाइन, 1932 सालचं, आणि तो माणूस मुळात गाड्यांच्या सस्पेन्शनवाला, त्यामुळे हात कुठेही ठेवा, स्प्रिंगा वजन पेलतात आणि तो तिथेच राहतो. माझ्या मते लेथला याच्यासारखा दिवा नाही, पण लेथच्या बेडवर (खालच्या आडव्या सांगाड्यावर) नाही बसवायचा, वेगळ्या आधारावर बसवायचा. लेथ हलला तर हलू दे, दिवा हलता कामा नये.

म्हणून आडवा पाइप. लेथच्या मागे, भिंतीला धरून, स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) बराच वर, त्यावर सगळे दिवे क्लॅम्पने. मॅग्नेटवाला छोटा फक्त मशीन थांबवून आत डोकवायला ठेवतो.

5 जुलै

पाइप लागला. लेथच्या बेडपेक्षा दोन्ही बाजूंना थोडा लांब ठेवलाय, म्हणजे टेलस्टॉकच्याही (हेडस्टॉकसमोरच्या टोकाचा आधार) पलीकडून उजेड टाकता येतो. उंची ठरवताना सगळ्यात मोठा जॉब बेडवर फिरताना त्याची कड कुठवर येते ते बघितलं आणि दिव्याचा हात पूर्ण खाली लोंबला तरी त्या वर्तुळात येणार नाही अशी ठेवली. शिवाय एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, तुकडा सुटला तर तो स्पिंडलला काटकोनात सुटतो, म्हणजे जॉबच्या बरोबर सरळ वर, समोर आणि मागे हा माऱ्याचा पट्टा. त्या पट्ट्यात काचेचं काही नको, आणि दिवे दोन्ही टोकांकडून आत वळवलेले असले तर आपोआप पट्ट्याबाहेर राहतात. तिरप्या उजेडालाही तीच जागा लागते हा योगायोग चांगला.

एक दिवा हेडस्टॉककडून, एक टेलस्टॉककडून, दोन्ही स्पिंडलच्या उंचीच्या थोडे वर. पहिला ट्रायल दांड्यासारख्या लांबट लाकडावर घेतला, मण्यांची आणि खोबणींची रांग काढली. फक्त डावा दिवा लावला तर प्रत्येक मण्याची उजवी बाजू काळी, स्क्यूचं (तिरप्या धारेच्या पटाशीचं) टोक मण्याच्या उजव्या उतारावर आलं की आंधळं. दोन्ही लावले तर दोन्ही उतार दिसतात पण मध्ये खोबणीच्या तळाशी एक बारीक गडद रेष राहते, आणि ती रेषच सांगते की दोन्ही बाजू सारख्या उतरल्यात की नाही, एका बाजूला सरकली की तो उतार जास्त उभा. मी उजवा दिवा जरा लांब ठेवलाय म्हणजे डावा मुख्य आणि उजवा नुसता भरीला. सारखे ठेवले की सगळं सपाट दिसायला लागतं.

वरची 24 व्होल्टची पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये घालून पाइपच्या खालच्या बाजूला बसवली, वर दुधी कव्हर. चॅनल नुसता दिसायला नाही, एलईडीची उष्णता तोच ओढून घेतो.

9 जुलै

रंग. इथे मी जरा जास्तच खोलात गेलो असं घरचे म्हणतील.

केल्विनचं (उजेडाच्या रंगछटेचं माप) म्हणाल तर 4000 ते 5000 च्या मधलं काहीही चालतं, 6500 च्या निळसर उजेडात लाकूड मेल्यासारखं दिसतं आणि 2700 च्या पिवळ्यात सगळंच सुंदर दिसतं, जे अजून वाईट. मी 4000 घेतलं. एक पथ्य पाळायचं, सगळे दिवे एकाच केल्विनचे घ्यायचे, नाहीतर एका जॉबवर एक सावली निळी आणि एक पिवळी पडते आणि डाग आहे की उजेड आहे तेच कळत नाही.

खरी गोम सीआरआयमध्ये (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) आहे. खोक्यावर 80 लिहिलेलं असतं आणि ऐकायला ठीक वाटतं. पण तो आकडा काढतात आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांवरून, त्यात गडद लाल नाहीच. त्याचा आकडा वेगळा असतो, आर9 म्हणतात, आणि 80 वाल्या बऱ्याच एलईडींचा आर9 शून्याच्या आसपास असतो. आता लाकडात तांबूसपणाच तर सगळा! शिसवीसारखा गडद तुकडा दोन दिव्यांखाली धरून बघितला, 80 वाल्याखाली तपकिरी काळपट एकसुरी पट्टी, 95 वाल्याखाली त्याच पट्टीत जांभळट आणि विटकरी रेषा वेगवेगळ्या. कापायला फरक पडत नाही. पण ठोकळ्यातला कुठला भाग ठेवायचा, साल कुठे संपते, रंग लावला तर तो एकसारखा बसलाय का, हे बघायला पडतो. 90 च्या वर आणि आर9 छापलेला असेल तर उत्तम.

14 जुलै

भिंतीला मागे एक बोर्ड लावला, एक बाजू मॅट काळी, एक पांढरी, उलटवता येईल असा. खर्च नगण्य, उपयोग दिव्यांच्या तोडीचा.

आकार बघताना आपण हत्याराच्या टोकाकडे नाही, जॉबच्या वरच्या कडेकडे बघतो, तिथे रेष जशी सरकते तसा आकार. त्या कडेमागे हत्यारांची फळी, वायरी, ब्रश वगैरे पसारा असला की रेष हरवते. फिक्या लाकडामागे काळी बाजू, गडद लाकडामागे पांढरी. साल ठेवलेली वाटी फिरताना तिच्या कडेला जो धूसर पंख दिसतो, ज्याच्यात बोट गेलं की संपलं, तो काळ्या बोर्डापुढे आणि बाजूच्या दिव्यात इतका स्पष्ट दिसतो की आधी बोर्ड का नाही ठोकला.

बोर्ड मॅटच पाहिजे, चकचकीत नको.

19 जुलै

फेस शील्डमध्ये दिव्याचं प्रतिबिंब येतंय. शील्डची आतली बाजू आरशासारखी वागते, डोक्यामागचा कुठलाही दिवा तिच्यावर उमटतो आणि बरोबर जॉबच्या जागी पांढरा ढग. मागच्या कपाटावरचा बल्ब लेथ चालू असताना बंद ठेवायचा, झालं. पुढचे दिवे डोळ्यात येत नाहीत ना एवढं बघितलं, त्यांच्या टोप्या थोड्या खाली ओढल्या.

26 जुलै

पोकळ कामाचा दिवस. अरुंद तोंडाच्या भांड्यात आत उजेड पाठवायचा तर तोंडातूनच, आणि तोंडात आधीच हत्यार. त्यामुळे चालू मशीनमध्ये आत दिसत नाही हे मान्य करून टाकायचं, थांबवून छोटा वाकत्या मानेचा दिवा आत सोडायचा, ढलप्या काढायच्या, बघायचं, दिवा बाहेर आणि मगच पुन्हा चालू.

पण उघड्या वाटीत एक वेगळी मजा केली. ओलं, फिकं लाकूड असेल आणि भिंत दोनतीन मिलिमीटरवर न्यायची असेल तर जाडी मोजायला कॅलिपर लावत बसायची गरज नाही, बाहेरून भिंतीच्या मागे दिवा ठेवायचा आणि आतून कापत जायचं. भिंत पातळ झाली की उजेड आरपार यायला लागतो, आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळसर. रंग सगळीकडे एकसारखा म्हणजे जाडी एकसारखी. कडेपासून सुरुवात करून थोडं थोडं खाली उतरायचं, हवा तो रंग आला की पुढे, एकदा पातळ झालेल्या भागाकडे परत जायचं नाही कारण तो आता थरथरायला लागतो.

यात भानगड पाण्याची आहे. लाकूड ओलं असतानाच उजेड नीट आरपार जातो, तेल लागलेल्या कागदासारखं. सुकलं की तीच भिंत अपारदर्शक दिसते आणि आपल्याला वाटतं अजून जाड आहे, आणखी एक पास घेतला की हातात दोन तुकडे. म्हणून स्प्रेने पाणी मारत राहायचं. आणि पाणी उडतंय म्हणजे तिथे मेन्सचा दिवा अजिबात नको, 24 व्होल्टचा किंवा बॅटरीचाच. या कामाला वरची पट्टी आणि दोन्ही बाजूचे दिवे बंद, खोली जवळपास अंधारी. म्हणजे वेगळे स्विच पुन्हा एकदा कामाला आले.

3 ऑगस्ट

फिनिशचा पहिला हात दिलेल्या वाटीत वरच्या लांब पट्टीचं प्रतिबिंब बघा. सरळ पट्टी वाटीच्या अंगावर एक वाकडी उजळ रेष म्हणून दिसते, वाटी हाताने हळू फिरवली की रेष सरकते. वक्र नीट असेल तर रेष एकसंध वाकते. कुठे सपाट भाग राहिलाय तिथे ती रुंदावते, कुठे उंचवटा आहे तिथे चिमटते किंवा तुटते. गाड्यांचे पत्रे सरळ करणारे लोक ट्यूबच्या रांगा लावून हेच बघतात. याला तिरपा कडक दिवा उपयोगाचा नाही, लांब मऊ उगमच पाहिजे, म्हणजे ओरखड्याला एक उजेड आणि वक्राला दुसरा. चकाकी येईपर्यंत थांबायचीही गरज नाही, घासून झाल्यावर वाटी ओल्या फडक्याने पुसली की तेवढ्यापुरती चमक येते आणि रेष दिसते, पाणी सुकलं की उभे राहिलेले तंतू पुन्हा घासून टाकायचे.

10 ऑगस्ट

वायरिंग नीट केलं. एसएमपीएस भिंतीवर, बंद डब्यात, लेथपासून हातभर लांब, दिव्यांच्या वायरी पाइपला बांधलेल्या आणि एकही वायर हेडस्टॉकवरून किंवा बेडवरून जात नाही. तीन स्विच एका छोट्या पट्टीवर, लेथच्या स्टॉप बटनापासून दूर पण डाव्या हाताला पोचतील असे. तिन्हीची बटनं वेगळ्या आकाराची लावली, न बघता कळावीत म्हणून.

दुधी कव्हरवर एवढ्यातच पिठासारखी धूळ बसलीय, लक्स ॲपमध्ये फरक दिसतो. कोरड्या ब्रशने जाते, चॅनलच्या मागच्या खाचांमधून पण काढायची नाहीतर एलईडी तापतात. दिव्यांची पुढची खरेदी असेल तेव्हा आयपी65 बघूनच घेणार, बारीक धूळ आत शिरत नाही.

मोजलं तर आता कामाच्या जागी उभं राहून, तिन्ही चालू, टूल रेस्टपाशी 900 च्या आसपास. घासकाम तपासताना फक्त डावा दिवा, तेव्हा वाचनाला अर्थ नाही, नुसतं बघायचं. राहिलंय ते हेडस्टॉक फिरवून बाहेरच्या बाजूला मोठी परात करायची तेव्हाचं, तिथे हा पाइप पोचत नाही. जमिनीवर उभा राहील असा जड तळाचा स्टँड लागेल, लोखंडाची जुनी ब्रेक डिस्क पडलीय ती तळाला चालेल असं वाटतंय.